हातफोड

सासूने नातीच्या दोन्ही तळव्यांवर एकेक गोटा ठेवला आणि स्वतःचे हात मागे घेतले.

"डोळे मीट. आता सांग. खरा कुठला आणि खोटा कुठला?"

चिमीने डोळे इतके घट्ट मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या. तिचा उजवा हात जरा खाली गेला.

"हा खरा."

"शाबास. आणि खोट्याचं काय करायचं?"

"फेकून द्यायचा."

गोटा दारातून बाहेर गेला आणि पत्र्याच्या बादलीवर आदळला. सून आतून धावत आली ती ओलं फडकं घेऊनच. तिने आधी चिमीचे तळवे पुसले, मग बोटं, मग तोंड, मग पुन्हा तळवे. फडकं विटकरी झालं.

"आई, किती वेळा सांगितलं, ते गोटे घरात नकोत. ती तोंडात घालते."

"माझा सगळा जन्म त्यांच्यात गेला. मला काय झालंय?"

हे म्हणायला आणि खोकल्याची उबळ यायला एकच गाठ पडली. सासू भिंतीला हात टेकून खोकत राहिली. सून फडकं धरून उभी होती. चिमी आळीपाळीने दोघींकडे बघत होती. उबळ ओसरल्यावर सासूने डोळे पुसले.

"बरं, हे उत्तर धरू नकोस," ती म्हणाली.

खाणीवर गोटे फोडणाऱ्या बायकांची ही जुनी भाषा होती. हाताला जड लागला तो खरा, त्यात लोखंड भरपूर. हलका लागला तो खोटा, तो बाजूला टाकायचा. कंपनीच्या प्रयोगशाळेत हेच काम आता टक्क्यांत होत असे. सासूचा तळवा मात्र अजून चुकत नव्हता. घरातली कुठलीही वस्तू, बटाटा असो की औषधाची बाटली, ती आधी हातावर तोलून बघायची आणि मग खाली ठेवायची.

चिमी दुपारी झोपली की सून तिच्याजवळ घड्याळ घेऊन बसे आणि श्वास मोजे. मिनिटाला चोवीस. काल पंचवीस होते. मग एक बोट खिडकीच्या चौकटीवरून फिरवून बघे. सकाळीच पुसलेली चौकट बोटाला लाल लागे. खालची वसाहत डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती आणि डंपर दारासमोरून जात. त्यातला एक तिचा नवराच चालवायचा. वरच्या वसाहतीत घर मिळावं म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. तिथल्या खिडक्या नीट बंद होतात, असं ऐकिवात होतं.

श्वास मोजून झाले की ती लिहायला बसे. कॉलेजात तिने भूगोल घेतला होता. चिमी होण्याआधी दोन वर्षं शाळेत शिकवलंही होतं. हे कळल्यावर कंपनीच्या प्रसिद्धी खात्याच्या साहेबांनी तिला एक काम दिलं. कंपनी एक जाडजूड ग्रंथ काढणार होती. त्यातलं पहिलं मोठं प्रकरण तिने लिहायचं होतं : 'देशातील लोहखनिज उद्योग : एक आढावा.' वर तिचं नाव येणार होतं.

तिने जीव ओतून काम केलं. अहवालांचे गठ्ठे वाचले. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कसा उतरवतात, गोट्यांचा भाव निराळा आणि भुकटीचा निराळा का, रेल्वेचे डबे बंदरावर कसे उलटे केले जातात, आपलंच खनिज जहाजाने जाऊन पोलादाच्या पत्र्यांच्या रूपाने परत कसं येतं, हे सगळं तिने सोप्या भाषेत मांडलं. फक्त एका जागी तिची गाडी अडली. यंत्रं येण्याआधी खनिज कोण फोडत होतं? त्याबद्दल साऱ्या अहवालांत मिळून अर्धी ओळ होती : 'पूर्वी हे काम मानवी श्रमाने होत असे.'

मानवी श्रम त्या वेळी समोरच भिंतीला टेकून वाटाणे सोलत बसले होते.

"आई, तुम्ही गोटे कसे फोडायचात?"

सासूने मान वर केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सुनेने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"कसे म्हणजे? हातोडीने. दाताने फोडायचे का?"

"तसं नाही. नीट सांगा ना. मला लिहायचंय."

"लिहायचंय?" सासूने वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. "मग नीट सांगते. हातफोड म्हणायचे त्याला. एक रबरी कडं असायचं, ट्यूब कापून केलेलं. त्यात गोटा बसवायचा, म्हणजे उडत नाही. मग घाव. तोंडाला फडकं बांधायचं, पण उन्हात दम घुसमटायचा, मग काढून टाकायचं. घरी आलं की आधी थुंकायचं. तीनदा लाल यायचं, चौथ्यांदा पांढरं. पांढरं आलं की मग जेवायला बसायचं."

सून लिहीत होती. पेन जरा थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

"आणि यंत्र आल्यावर ते बंद झालं."

"कुठलं बंद होतंय. यंत्र पुढच्या अंगाला, पाहुण्यांना दाखवायला. मागच्या उतारावर आम्ही होतोच की, चाळीस जणी. तुझा नवरा आणि ते यंत्र एकाच महिन्यातले. दोघांची तोंडं तेव्हापासून बंद नाहीत." ती स्वतःशीच हसली. "तो पाचवीत गेला, तेव्हा आम्हाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मोज किती झाली."

"अकरा वर्षं."

"अकरा. लिही."

तीन पानं झाली. सुनेने ती मोठ्याने वाचून दाखवली. सासू हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसावं तशी ऐकत होती. मध्ये एकदाच तिने अडवलं.

"कडं लोखंडी नव्हतं गं. ट्यूबचं होतं. ते दुरुस्त कर."

सुनेने दुरुस्त केलं.

साहेबांनी ती तीन पानं दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, लिहिता तुम्ही छान. माझ्यासुद्धा पोटात कालवलं. खोटं नाही सांगत." त्यांनी कागद टेबलावर सारखे केले. "पण आपला हा आढावा आहे. आढावा म्हणजे काय? वरून बघणं. विमानातून खाली बघितल्यासारखं. आता विमानातून बायका दिसतात का?"

"दिसत नाहीत."

"झालं तर मग."

त्यांनी तिन्ही पानांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक तिरकी रेघ मारली. मग वरच्या मोकळ्या जागेत पेन्सिलने एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे फिरवला : 'यंत्रे बसविण्यात येताच हातफोड बंद झाली.'

"हे तुमच्या पद्धतीने बसवा. 'हातफोड' तेवढं ठेवा मात्र. झकास शब्द आहे. आम्ही इथं वीस वर्षं आहोत, पण आम्हाला कुणी सांगितला नाही."

"साहेब, पण ती बंद झाली नव्हती. पुढं अकरा वर्षं मागच्या उतारावर..."

"कागद आहे काही?"

"कागद नाही. माझ्या सासूबाईच होत्या तिथं."

"मग मी छापू कशाच्या जोरावर? उद्या कुणी विचारलं तर तुम्हीच तोंडघशी पडाल. नाव तुमचं आहे वर." साहेबांचा आवाज मऊ होता. चहा घ्या म्हणावं तसा. त्यांनी खण उघडला, दुसरीच एक फाइल काढली आणि चाळली. "हां, तुमच्या मिस्टरांचा अर्ज बघत होतो. वरच्या वसाहतीचा. मुलगी लहान आहे ना? खोकते का?"

"अजून नाही."

"अजून कशाला? असं बोलू नये माणसाने." त्यांनी फाइल मिटली नाही. तशीच उघडी ठेवली. "जरा लवकर द्या हं. या महिन्याच्या आत छापून हातात यायला हवंय. वरून घाई आहे."

घरी येऊन तिने ती ओळ शाईने लिहून काढली. 'बसविण्यात येताच' जरा अवजड वाटत होतं. तिने 'बसताच' केलं. वाक्य सुटसुटीत झालं. मग तिने पेनला टोपण लावलं आणि चिमीच्या शेजारी आडवी झाली. घड्याळ उशाशीच होतं, पण त्या दिवशी तिने श्वास मोजले नाहीत.

पंधरा दिवसांत वरच्या वसाहतीतलं घर मिळालं. दोन खोल्या होत्या, पांढऱ्या फरशीच्या. खिडक्यांना रबराची पट्टी होती. सुनेने तेच जुनं फडकं ओलं करून चौकटीवरून फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. मग शेजारच्या खिडकीवरून फिरवलं. फडकं होतं तसंच होतं. चिमीचे श्वास बावीसवर आले. चढ मात्र सासूला जड गेला. दवाखान्यातून घरी येताना तिला चार ठिकाणी थांबावं लागे. थांबली की ती म्हणायची, "बघतेय. छान दिसतं इथून." आणि खरोखरच डोंगराकडे तोंड करून उभी राहायची.

मग ग्रंथ आला. गुळगुळीत जाड कागद, आत रंगीत छायाचित्रं. सासूने तो आधी तळव्यावर तोलला.

"खरा आहे गं," ती म्हणाली आणि पानं उलटू लागली. तिला वाचता येत नव्हतं. ती प्रत्येक पानावरून हात फिरवत होती. "तुझं नाव कुठाय?"

सुनेने दाखवलं. सासूने नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"आणि आमचं?"

सून चिमीच्या फ्रॉकची बटणं लावत होती. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ते काढून पुन्हा लावलं. मग तिने ग्रंथ मांडीवर घेतला, मधलं एक पान उघडलं आणि एका परिच्छेदावर सासूचं बोट नेऊन ठेवलं.

"हे. इथून."

"एवढंच?"

"पुढच्या पानावर पण आहे."

"ट्यूबचं कडं आहे?"

"आहे."

सासूने मान डोलावली. कमरेच्या पिशवीतून बसचं जुनं तिकीट काढलं, ते त्या पानात घातलं आणि ग्रंथ मिटला. त्या दिवशी संध्याकाळी शेजारीण आली, तेव्हा सासू तिला सांगत होती, "आमची हातफोड आलीय पुस्तकात. सुनेने घातली." सून आत नळ मोठा सोडून भांडी घासत होती.

दोन महिन्यांनी खाणीत काम केलेल्या जुन्या माणसांसाठी नवा नियम निघाला. छाती खराब झालेल्यांना दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. कार्ड असेल तर फुप्फुसाचा डॉक्टर, औषधं, आणि घरी श्वासाचं यंत्रही. डॉक्टरांनी सासूसाठी तेच यंत्र सांगितलं होतं. पुढच्या थंडीत त्यावाचून भागणार नाही, असं ते नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले होते. नियमात एक अट होती. खाणीवर गोटे फोडायचं यंत्र बसल्यानंतर ज्यांनी काम केलं, त्यांची जबाबदारी कंपनीची. त्याआधीच्यांची जबाबदारी जुन्या ठेकेदाराची. आणि ठेकेदार मरूनही जमाना झाला होता.

सुनेने अट वाचली. कागदाची घडी घातली, उलगडली आणि कागद पुन्हा वाचला. मग साहेबांची घाई तिला आठवली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. साक्षीदार लागेल म्हणतात."

"चाळीसातल्या आता दोघीच उरल्यात. आई, आणि ती पलीकडची. तिला तर माणसं ओळखू येत नाहीत."

"मी सांगेन," सून म्हणाली. "मला आईंनी सगळं सांगितलंय."

कार्डासाठी सासूचा अर्ज केला, पण त्याच्या सुनावणीच्या दिवशी नवऱ्याची पाळी होती. सून चिमीला घेऊन सासूबरोबर गेली. खोली लांबट होती, पंखा घरघर करत होता. टेबलाच्या एका बाजूला सुनावणी घेणाऱ्या बाई बसल्या होत्या. शेजारी कंपनीचा एक तरुण वकील होता, त्याच्यापुढे कागद होते. बाई चांगल्या होत्या. सासूला दम लागलेला पाहून त्यांनी आधी पाणी मागवलं.

"आजी, बसा निवांत. यंत्र आल्यानंतरही तुम्ही काम केलंत, असं म्हणता. पुरावा काही?"

सासूने सुनेकडे बघितलं आणि गालात हसली. जणू दोघींचं काही ठरलं होतं. पिशवीत हात घालून तिने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॉवेल उलगडला. सुनेच्या मांडीवर चिमी होती. तिने चिमीला एकदम इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"माझ्या सुनेनं लिहिलंय," सासू म्हणाली. "कंपनीनंच छापलंय. सगळं आहे त्यात."

तिने बसच्या तिकिटाचं पान उघडलं, परिच्छेदावर बरोबर बोट ठेवलं आणि ग्रंथ बाईंकडे फिरवला.

बाई वाचू लागल्या. मग थांबल्या. मग, आजींना ऐकू यावं म्हणून असेल, मोठ्याने वाचलं. "'बंदरावर एक जहाज भरण्यास पूर्वी सहा दिवस लागत. आता सरकत्या पट्ट्यांमुळे हेच काम दीड दिवसात होते.'" त्यांनी मान वर केली. "आजी, हे जहाजांचं आहे."

"पुढच्या पानावर असेल. तिथं पण आहे."

बाईंनी पुढचं पान बघितलं. त्याच्या पुढचंही. सासूचं बोट हवेतच होतं.

"ट्यूबचं कडं बघा," ती म्हणाली. "कड्याचं असेल तिथं."

"मॅडम, पान अठरा," वकील म्हणाला. त्याच्याकडे तोच ग्रंथ होता. पान अठरावर पिवळी चिठ्ठी आधीच लावलेली होती. "'यंत्रे बसताच हातफोड बंद झाली.' हातफोड म्हणजे, ह्या आजी करत होत्या तेच काम. शब्दसुद्धा तोच आहे."

पंखा घरघरत होता. बाईंनी प्रकरणाच्या सुरुवातीचं नाव पाहिलं आणि मग सुनेकडे पाहिलं.

"तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"मग हातफोड बंद कधी झाली?"

"यंत्र आल्यावर अकरा वर्षांनी." आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. चिमीने वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. "मागच्या उतारावर चाळीस जणी होत्या. मी लिहिलं होतं. तीन पानं होती. ती काढायला लावली."

"कुणी?"

तिने नाव सांगितलं. वकिलाने ते लिहून घेतलं. त्याला राग आला नव्हता. उलट त्याच्या आवाजात सहानुभूती होती.

"मॅडम, सासूबाईंसाठी जीव तुटणारच. साहजिक आहे. पण लिहिलं तेव्हा अर्ज नव्हता, नियम नव्हता. तेव्हा ह्या तटस्थ होत्या. म्हणून आम्ही तेव्हाचं धरतो." तो जरा थांबला. "ती तीन पानं आहेत का तुमच्याकडे?"

ती साहेबांच्या टेबलावर राहिली होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बोललेलं आणि छापलेलं यात मला छापलेलं धरावं लागतं," त्या म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे. दुसरा काही कागद सापडला तर आणा. फाइल मी लगेच बंद करत नाही."

त्यांनी ग्रंथ परत दिला. सासूने तिकीट होतं त्याच पानात ठेवलं, ग्रंथ टॉवेलात गुंडाळला, टॉवेलाची टोकं आत खोचली आणि उठली. सुनेने आधारासाठी हात पुढे केला. सासूने टेबलाची कड धरली.

बस थांब्यावर बाक होता. तिघी बसल्या. समोरून डंपर गेला आणि रस्त्यावरची धूळ उठून हळूहळू खाली बसली. सुनेने रुमाल काढून चिमीच्या नाकावर धरला. सासूच्या नाकावर कुणी काही धरलं नाही. ती धुळीतून डोंगराकडे बघत होती.

"आई," सून म्हणाली.

सासूने पिशवी मांडीवर ओढून घेतली. बस येत नव्हती.

चिमी कंटाळली. ती बाकावरून उतरली, आजीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही तळवे पसरले.

"आजी, खरा-खोटा."

"गोटे कुठायत इथं."

चिमी तशीच उभी राहिली, हात पसरून. सासूने पिशवी उघडली. टॉवेल सोडला. डोळे मीट म्हणाली आणि ग्रंथ नातीच्या दोन्ही तळव्यांवर आडवा ठेवला. चिमीचे हात एकदम खाली गेले. तिने कसंबसं ओझं सावरलं.

सुनेचा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"सांग," सासू म्हणाली.

"खरा," चिमी म्हणाली. डोळे घट्ट मिटलेले होते. "खूप खरा."

सासूने ग्रंथ तिच्या हातांवरून उचलला. क्षणभर स्वतःच्या तळव्यावर धरला.

"हो," ती म्हणाली. "हाताला तर तसंच लागतं."